मास्तरांनी धाकट्याला कामाला लावलं

कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणतात. आपले मास्तर तिथे तरुणपणी चिकटले ते चिकटलेच. कात्री धरून अंगठ्याला घट्टा पडला, उभं राहून गुडघे कुरकुरू लागले, पण खाडा म्हणून कधी केला नाही. आणि घरी धाकटा भाऊ. धडधाकट, शिकलेला, कसलं व्यसन नाही. त्यानं एकदा सगळ्यांसमोर शांतपणे सांगून टाकलं होतं, "मला नोकरी करायची नाही." झालं. तेव्हापासून तो मास्तरांच्या घरी जेवत होता, पुस्तकं वाचत होता आणि दुपारी ताणून देत होता.

मास्तरांना झोंबायचं ते हे, की कुणाला त्याचा रागच येत नसे. पोरं शाळेतून आली की काकाच्या गळ्यात. आई आपल्या सांधेदुखीची कहाणी ऐकवणार तीही त्यालाच. बायकोसुद्धा, "भावोजी, जरा मीठ बघता का?" मास्तर घरी पोचेपर्यंत दिवसभराच्या गप्पा संपलेल्या असत. त्यांच्या वाट्याला नुसतं ताट यायचं.

चहाच्या सुट्टीत मग मास्तर पेटायचे. "हातपाय शाबूत असलेल्या माणसाला हौस म्हणून रिकामं बसायचंय, तर समाजानं त्याला का म्हणून पोसावं?"

शिलाई मशीनवरच्या बायका माना डोलवायच्या. एकदा एक जण म्हणाली, "पण मास्तर, समाज कुठं पोसतोय? तुम्हीच पोसताय."

"तेच तर म्हणतोय मी," मास्तर म्हणाले आणि कप आदळला.

शेवटी एका सकाळी त्यांनी धाकट्याचं पांघरूण ओढलं. "आजपासून माझ्याबरोबर कामाला यायचं. नाहीतर आपली सोय बघ." आईनं डोळ्यांना पदर लावला, बायकोनं तोंड फिरवलं. धाकटा मात्र चपला घालून निघाला.

मास्तरांना आतून उकळ्या फुटत होत्या. आता कळेल बेट्याला. पण बेट्याला भलतंच कळलं. कापडाचे थर लावून त्यावर पुठ्ठ्याचे नमुने मांडतात, तिथे तो नुसता बघत उभा राहिला. त्याला कसली घाई? मग म्हणाला, "दादा, ही बाही उलटी फिरवली आणि तिच्या कुशीत कॉलर बसवली तर?" मास्तर खेकसले. तिथंच आलेल्या मालकांनी मात्र तसं मांडून बघितलं, तर चिंध्यांचा ढीग चांगलाच आटला. तेव्हापासून मालक आत आले की मास्तरांना ओलांडून सरळ धाकट्याकडे. "तुमचे बंधू म्हणजे रत्न आहे हो." मास्तरांना इतक्या वर्षांत कुणी साधा दगडसुद्धा म्हटलं नव्हतं.

घरी तर कहरच. "दमून आलाय गं तो, त्याला आधी वाढ," आई सुनेला म्हणाली. मास्तर शेजारीच उभे होते, तितकेच दमलेले.

मग कानावर आलं, की मालक कापायचं मोठं टेबल धाकट्याकडे देणार आणि मास्तरांना गठ्ठे बांधायला बसवणार. संध्याकाळी घरी परतताना मास्तरांनी धाकट्याला रस्त्यातच थांबवलं.

"उद्यापासून येऊ नकोस."

"का रे?"

"तुला नव्हतं ना करायचं काम? मग बस घरी. मी पोसतो."

धाकट्यानं जरा विचार केला. "बरं," म्हणाला.

मास्तरांना हायसं वाटायला हवं होतं. उलट ते जास्तच भडकले. "बरं काय? हातातलं काम सुटतंय, पुढं काय होईल, काहीच वाटत नाही तुला?"

"काय वाटायचंय? तू आहेस ना, दादा."

आणि तो चालू लागला. मास्तर तिथेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी धाकट्याच्या झोपेचा हेवा केला, कौतुकाचा केला, पण आजच्याइतकी जळजळ कधी झाली नव्हती. 'तू आहेस ना' असं ज्याला म्हणावं, असं त्यांना कुणीच नव्हतं.