सासूबाईंचं गरोदरपणाचं कार्ड

पहिल्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा आमच्या घरात दवाखान्याचं नाव निघायचं ते कुणाला ताप चढला किंवा विंचू चावला तरच. ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. लग्न होऊन मी गोंदियाहून बालाघाटला आले होते, यजमान सिंचन खात्यात कारकून होते आणि घरात सासूबाईंचा शब्द चालायचा. चांगल्या धडधाकट बाईनं दवाखान्यात जाऊन दाखवायचं तरी काय, असं त्यांचं म्हणणं. यजमानांनी हट्टच धरला म्हणून चौथ्या महिन्यात त्या मला घेऊन सरकारी दवाखान्यात आल्या आणि वजनकाट्याकडे संशयानं बघत उभ्या राहिल्या.

तिथल्या सिस्टरनं माझं कार्ड बनवलं, दंडात टिटॅनसची सुई दिली आणि कागदाच्या पुडीत लाल गोळ्या दिल्या. रक्त वाढायच्या गोळ्या आहेत, रोज जेवल्यावर एक घे, मध्ये सोडू नको, असं हिंदीत दोनदा बजावलं. मी मान हलवली. पुडी सासूबाईंनी स्वतःच्या पिशवीत टाकली.

घरी आल्यावर कळलं की ती पुडी मला मिळणार नव्हती. ह्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं असं सासूबाईंनी कुठंतरी ऐकलं होतं. यजमान म्हणाले तसं काही नसतं. सासूबाईंनी विचारलं, तुले कसं माहीत, तू खाल्ल्या होत्या का? मग त्यांनीच निकाल दिला.

"आधी मी खाऊन पाहतो. मी काळी झाली तं लेकरूबी होईन. नाही झाली तं मंग हिले देऊ."

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज जेवण झालं की माझ्यासमोर एक गोळी पाण्याबरोबर गिळायच्या. सकाळी अंगणात उन्हात बसून आपला हात माझ्या हाताला लावून बघायच्या. माझा हात हे त्यांचं माप होतं, म्हणून मला उन्हात जास्त वेळ थांबायची बंदी केली. आठ दिवसांत रंग काही बदलला नाही, पण सासूबाई बदलल्या. एरवी दुपारी पाय चेपून घेणारी बाई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे सगळे डबे घासू लागली. एकदा वैनगंगेपर्यंत चालत गेल्या आणि तशाच चालत परत आल्या. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, थंडीत माणसाले बरं वाटतेच. मी मात्र चार पायऱ्या चढले की धापा टाकत होते.

दोन आठवडे झाले आणि सासूबाई अचानक गप्प झाल्या. डबे घासणं थांबलं, जेवण कमी झालं. एका दुपारी त्यांनी मला चुलीजवळ बसवलं आणि मिरचीच्या लोणच्यात मोहरी किती, मेथी किती, तेल किती तापवायचं, सगळं सांगितलं. हे माप त्यांनी पोटच्या मुलींनाही सांगितलं नव्हतं. लामत्याला दिलेली नणंद दर दिवाळीला विचारायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. मी घाबरले. काय झालं म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा त्या दाराकडे बघत हळूच बोलल्या.

"माहं आतून सगळं काळं होऊन राह्यलं वं. परसाकडे गेली का डांबरासारखं पडते. पाच दिवस झाले. बाहेर दिसत नाही, पण आतून सुरू झालं."

मी त्यांना धीर तरी काय देणार, खरं कारण मलाही माहीत नव्हतं. यजमानांना सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली. माझ्या पुढच्या तपासणीचा दिवस आला तशा आम्ही दोघीच निघालो.

डॉक्टरीणबाईंना दाखवायचं तर सासूबाईंनाही कार्ड हवं. खिडकीतला कारकून मान खाली घालून लिहीत होता. आज गरोदर बायांचा दिवस, पलीकडे कोण आहे ते बघायची त्याला गरज वाटली नसावी. त्यानं विचारलं, "कौन सा महीना चल रहा है?" सासूबाईंना वाटलं, तारीख लिहायची असेल. म्हणाल्या, अगहन संपला, पूस लागला. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि लिहिलं. मग विचारलं, बच्चे कितने हुए?

"सात झाले," सासूबाई म्हणाल्या. "चार राह्यले."

तेवढं ऐकून त्यानं मान वर केली. पांढरे केस बघितले, मग माझं पोट बघितलं. आणि कार्ड पुढं सरकवलं. सासूबाई ते हातात धरून उभ्याच राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मला म्हणाल्या, त्या तिघांचंबी लिवलं का यानं? मी पाहिलं. लिहिलं होतं. म्हटलं, हौ आई, लिवलं. मग त्यांनी कार्ड पदराखाली घेतलं.

पुढं माझ्याबरोबर त्यांचंही वजन झालं, दंडाला पट्टा बांधून झाला, बोट टोचून रक्तही घेतलं. प्रत्येक वेळी मी सांगायला तोंड उघडायची आणि त्या मला गप्प करायच्या. हळूहळू त्यांना ते सगळं आवडायला लागलं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी कार्ड वाचलं, मग सासूबाईंकडे बघितलं, मग पुन्हा कार्डाकडे. शेवटी मला सगळं सांगावंच लागलं, गोळ्यांपासून डांबरापर्यंत.

डॉक्टरीणबाई तोंडावर रुमाल धरून खूप वेळ खोकल्या. मग त्यांनी समजावलं की ह्या गोळ्यांत लोह असतं, त्यानं सगळ्यांनाच तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि लेकराच्या रंगाशी त्याचा काही संबंध नाही. मग दोघींच्या रक्ताचे आकडे शेजारी ठेवून बघितले. सासूबाईंचं रक्त माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं निघालं. रांगेतल्या कुठल्याच बाईचं तितकं नव्हतं. माझी मात्र त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली आणि नवी पुडी या वेळी माझ्या हातात दिली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी बाकावर बसलेल्या सगळ्या बायांना आपलं प्रकरण ऐकवलं. रंगासकट. कुठं दडू असं मला झालं. हट्टा गावाहून आलेली एक पोरगी आपल्या पुडीतल्या गोळ्या रस्त्यात फेकायची. तिनं ते कबूल केलं तेव्हा सासूबाईंनी तिला तिथंच, स्वतःच्या डोळ्यांसमोर, एक गिळायला लावली.

मेमध्ये भर दुपारी, त्याच दवाखान्यात, मला मुलगी झाली. त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात कुणाला दिवस गेले की सासूबाई स्वतः तिला घेऊन तपासणीला जायच्या. सिस्टर त्यांना बसायला स्टूल द्यायची आणि नव्या बायांना गोळ्यांचं समजावायचं काम त्यांच्यावर सोपवून चहाला जायची.