सिस्टरबाईंच्या बागेतले पेले

मरिया उजागरे एकतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. श्रीगोंद्याच्या आसपासच्या वस्त्यांवर जाऊन लोकांना रांजण उपडे करायला लावायचे, टाकीत बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधायच्या, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून कानीकपाळी ओरडायचं, हे त्यांचं काम. कुणी टाळाटाळ केली तर भर गल्लीत झाडायच्या. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत, आणि थोडे टरकूनही असत.

निवृत्तीनंतर त्या रमल्या ब्रोमेलियाडमध्ये. केरळला परत गेलेल्या एका नर्स मैत्रिणीनं जाताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याचं एक पिल्लू, म्हणजे बुडाशी फुटलेलं रोप, दिलं होतं. अननसाच्याच जातीचं झाड, पण फळासाठी नव्हे, रंगासाठी लावायचं. त्याची पानं मधोमध घट्ट जुळून पेला होतो, त्यात पाणी साठतं आणि झाड तेच पितं. एकदा फुललं की मूळ झाड वाळतं, पण बाजूला पिल्लं सोडून जातं. तसं करत करत, आणि इकडून तिकडून आणखी जाती जमवत, चाळीस झाडं झाली. हेलिकोनिया, अँथुरियम, अडेनियम यांच्यामधून हिरव्या जाळीखाली लाल-जांभळे पेले चमकायचे. इथल्या उन्हाळ्यात ती जगवली याचा बाईंना अभिमान होता. रोज सकाळी त्या झारीनं एकेक पेला काठोकाठ भरायच्या.

मागच्या सप्टेंबरात शेजारच्या लंकाबाईंना ताप भरला. डोळ्यांमागं दुखतंय म्हटल्यावर मरियाबाईंनीच ओळखलं आणि लंकाबाईंच्या मुलाला, वाल्मिकला, रिक्षा आणायला पाठवलं. डेंग्यूच निघाला. प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या.

दुसऱ्या दिवशी आशा कार्यकर्ती स्नेहल गल्लीत तपासणीला आली. तिला हे काम मरियाबाईंनीच शिकवलेलं.

"कुणाची भीड धरू नको," बाई म्हणाल्या. "माझ्या घरापासून सुरू कर."

स्नेहलनं टाकी बघितली, फ्रिजमागचा ट्रे बघितला, कुंड्यांखालच्या बशा बघितल्या. सगळं कोरडं ठाक. फाटकाकडं जाताना सहज तिनं मोबाईलचा उजेड एका लाल झाडात टाकला आणि ती थांबली.

"सिस्टर, जरा इकडं या."

पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या. उजेड पडताच डोकं खाली करून तळाशी पळत होत्या.

"छे, दुसरं काहीतरी असेल," मरियाबाई म्हणाल्या. पण अळी ओळखण्यात त्यांची चूक होणं शक्यच नव्हतं. त्यांनी शेजारचं झाड बघितलं. मग पुढचं. चाळिसांतल्या एकतीस झाडांत अळ्या होत्या. त्या तिथंच ओल्या मातीत बसल्या. रोज याच हातांनी हे पाणी भरलं होतं. झाडाचा पेला म्हणजे पाण्याचं भांडंच, हे एकदाही कसं डोक्यात आलं नाही?

स्नेहलनं वही मिटली. "मी लिहीत नाही, सिस्टर. आपण ओतून टाकू."

"लिही. दूषित घर, असं लिही."

त्याच दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. लंकाबाईंच्या हाताला सलाईन होतं. मरियाबाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाल्मिकचा चेहरा उतरला. "आमाला शिकवनाऱ्या तुमी," एवढंच तो म्हणाला. लंकाबाईंनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

गल्लीतल्या एका जुन्या टायरातही अळ्या सापडल्या. चावलेला डास कुठला, कुणाला सांगता येणार होतं? स्नेहलनं बाईंना तसं समजावून पाहिलं. त्यांना त्यानं बरं वाटलं नाही.

पेले दर दोन दिवसांनी जोरदार पाण्यानं धुतले तर झाडं ठेवता येतात, हे त्यांना माहीत होतं. "पण आठ दिवस मीच आजारी पडले तर?" त्या म्हणाल्या. एकतीस झाडं त्यांनी स्वतः उपटली, उलटी करून झटकली, उन्हात वाळवली. कुणी पिल्लू मागितलं तरी दिलं नाही. उरलेल्या नवांतली ज्या जातींत पाणी साठत नाही अशी चार-पाच तेवढी ठेवली, बाकीचीही काढली. हे करायच्या आधी दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या.

पंधरवड्यानं लंकाबाई वाल्मिकचा खांदा धरून फाटकाशी आल्या. वाळत पडलेलं एक झाड उचलून त्यांनी पेल्यात बोट घालून पाहिलं.

"एवढुश्यात?" त्या म्हणाल्या. "लई भ्या वाटलं हुतं गं सिस्टरबाई. अजून वाटतंय."

"मलापण," मरियाबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची आणून दिली. लंकाबाई बसल्या, पण चहा नको म्हणाल्या.

आता मरियाबाई स्नेहलबरोबर पुन्हा घरोघर जातात. ओरडत नाहीत. आधी स्वतःच्या एकतीस झाडांचं सांगतात, मग विचारतात, "तुमची टाकी बघू का?"