डमीच्या छातीत चार वायसर

कारखाना बंद पडला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे लोखंडाला मापात आणणं. वाळूजला एका टूलरूममध्ये वीस वर्षं काढली. तिथून सुटलो तो गारखेड्याच्या पुढच्या एका नर्सिंग कॉलेजात लागलो. काम काय, तर पंखे, नळ, पलंगांची चाकं आणि लॅबमधली माणसं दुरुस्त करणं. माणसं रबराची. रजिस्टरमध्ये त्यांना मॅनिकिन लिहीत, बोलताना सगळे डमी म्हणत. मुली त्यांच्यावर सुई टोचायला, नळी घालायला, बाळंतपण करायला शिकत. मला सगळ्या मुली मामा म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मला कुणी काही दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं. तरी मी दुपारच्या सुट्टीत एका डमीचं पोट उघडून बसलो. माझी खोडच ती. बायको म्हणते, यांना स्वर्गात नेलं तरी हे आधी दरवाजाची बिजागरी बघतील. आत काळीज, यकृत, आतडी सगळं रंगवून, खुंट्या लावून बसवलेलं. काढलं तसं परत बसवायला गेलो तर यकृत बसेना. ट्यूटर मॅडम आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मामा, उजवीकडं असतं ते." पंचेचाळीस वर्षं ते माझ्या अंगात होतं आणि मला बाजू माहीत नव्हती. खरंच लाज वाटली.

मॅडम पन्नाशीच्या, कडक, तोंडावर बोलणाऱ्या. पण प्रश्न विचारला की उत्तर द्यायच्या. श्वासाच्या डमीचं डोकं मागं वाकवल्याशिवाय आत हवा का जात नाही, हे मी विचारलं. बेशुद्ध माणसाची जीभ मागं पडून वाट बंद होते, मान मागं केली की उघडते, असं त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी मी घरी आरशासमोर मान वाकवून बघत होतो. बायकोनं विचारलं, "मान धरली का?" दिवसाला तीन-चार प्रश्न झाले की मॅडम म्हणायच्या, "तुम्ही आता ॲडमिशनच घ्या."

सुई टोचायचा हात सगळ्यात जास्त बिघडायचा. कातडीखाली रबरी नळ्या, त्यात लाल पाणी. एका बॅचनं टोचून टोचून त्याची चाळणी केली की पाणी कोपरातून गळायचं. कंपनीचे सुटे भाग महिनोन् महिने येत नसत. मग मी तो हात पिशवीत घालून शहागंजात रबराच्या दुकानी जायचो. दुकानदार म्हातारे होते. पहिल्यांदा पिशवीतून बोटं दिसली तेव्हा ते उठून उभेच राहिले.

"ये क्या लाए मियाँ?"

"नस पाहिजे. ह्याच्यात बसंल अशी."

त्यांनी हात काउंटरवर घेतला, चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि माझ्यासारखेच त्यात रमले. चार तऱ्हेच्या नळ्या काढून दोघांनी सुई टोचून बघितल्या. एक फार टणक निघाली, एक टोचली की फाटायची. "असली नस कैसी लगती?" त्यांनी विचारलं. मला काय मालूम! दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून, सुई आत शिरताना किंचित दाब लागतो आणि मग एकदम मोकळं वाटतं, एवढा निरोप घेऊन मी परत गेलो. त्या निरोपावर आम्ही बरोबर नळी शोधली. दोघंही आठवडाभर खुशीत होतो.

हे अशासाठी सांगितलं की माझ्याबद्दल गैरसमज नको. मी टाळाटाळ करणारा गडी नव्हतो. विचारून, बघून काम करणारा होतो. तरी चूक केली, आणि तीही जिथं विचारायची सवय होती तिथंच.

लॅबमध्ये छाती दाबायचा एक डमी होता. हृदय थांबलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते त्याच्यावर शिकवत. त्याच्या छातीत जाड स्प्रिंग आणि तिच्या खाली पोलादाची एक वाकडी पट्टी. छाती पुरेशी खाली गेली की पट्टी 'टक्' वाजायची. टक् वाजलं की दाब बरोबर. परीक्षेत दोन मिनिटं दाबायचं आणि दर वेळी टक् वाजलं पाहिजे. मॅडमचे डोळे घड्याळावर आणि कान त्या आवाजावर असत.

शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. बिडकीनकडच्या एका गावातली, हडकुळी, अभ्यासात पुढं. पण तिच्या हाताखाली तो डमी वाजायचाच नाही. सरावाला सगळ्यांच्या आधी यायची, दाबून दाबून घामाघूम व्हायची. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी लॅबमध्ये बल्ब बदलत होतो तर ती डमीजवळ बसून रडत होती.

"मामा, ह्यो वाजंनाच. मनगटं सुजलीत माझी. बिघडलाय का ह्यो?"

खरं तर पट्टी जुनी झाली होती, आवाज बारीक यायचा. म्हणजे तक्रार खोटी नव्हती. मी छाती उघडली, पट्टी पुसली, वाकवली. तरी तिच्या हातानं वाजेना. तिचा चेहरा बघवेना मला. माझ्या डब्यात वायसर होते, नटाखाली घालतात त्या लोखंडी चकत्या. एक पट्टीखाली घातला, दुसरा घातला. चार झाले तेव्हा पट्टी वर आली आणि ती दाबायला लागल्याबरोबर टक् वाजलं. मग टक् टक् टक् वाजतच राहिलं. ती हसली. मीही हसलो. तक्रार होती वाजत नाही म्हणून, मी वाजता केला. दुरुस्ती झाली, असं मला मनापासून वाटलं.

त्या परीक्षेत अख्खी बॅच पास झाली. मॅडम खूश. मुली पेढे घेऊन माझ्यापर्यंत आल्या. ती मुलगी पैठण रोडवरच्या एका लहान दवाखान्यात कामाला लागली.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात आम्ही त्या दिवशी सगळी अवजारं धुऊनपुसून मांडायचो, झेंडूची फुलं वाहायचो. कॉलेजातही मी ती रीत चालू ठेवली होती. डमी उघडायचे, तेलपाणी करायचं, हळदकुंकू लावायचं. त्या वर्षी मी घरून माझा व्हर्नियरही पूजेला आणला. कारखाना सुटल्यापासून तो पेटीतच होता. फूल वाहिलं, आणि एवढं देखणं माप-यंत्र नुसतं बसवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं. समोर त्या टक् वाजणाऱ्या डमीची छाती उघडी पडली होती. सहज बघावं म्हणून मी टक् किती खोलीवर वाजतं ते मोजलं.

साडेतीन सेंटिमीटर.

किती हवं ते मला माहीत नव्हतं. डमीबरोबर आलेलं पुस्तक कपाटामागं पडलं होतं, ते काढलं. इंग्रजी होतं, पण चित्रात आकडा स्पष्ट होता. पाच. वायसर काढून परत मोजलं. पाच. चार वायसर घातले, साडेतीन.

टूलरूममध्ये ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी कधी अर्ध्या मिलिमीटरलाही हात लावला नव्हता. शिकाऊ पोरांना त्यावरून शिव्या घातल्या होत्या. आणि इथं माणसाच्या छातीचं माप मी डोळ्यांतलं पाणी बघून बदललं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं असं वाटलं. घाबरलोही होतो. वायसर खिशात टाकले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पस्तीस मुली ते माप हातात घेऊन बाहेर पडल्या होत्या, आणि दवाखान्यात कुणाचं हृदय बंद पडलं की त्या तेवढंच दाबणार होत्या.

मॅडम फुलं आवरत होत्या. मी चारही वायसर त्यांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकेक वायसर बोटांत धरून बघितला.

"मला विचारायचं नाही?" त्या म्हणाल्या. "जीभ मागं का पडते ते विचारता, यकृत किती वजनाचं ते विचारता. अन् हे विचारलं नाही?"

मी पुस्तकातलं ते चित्र उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

"अन् मीही बावळट," त्या स्वतःवरच चिडल्या. "डोळ्यांनी बघायची परीक्षा कानानं घेतली."

दसरा झाल्यावर त्यांनी एकेका मुलीला फोन लावून परत बोलावलं. जिथं कामाला होत्या तिथं सुट्टी मागून दिली. मला वाटलं होतं, माझं नाव सांगून मोकळ्या होतील. त्यांनी सांगितलं, "डमीत दोष होता, दाब परत तपासायचाय." एवढंच.

ती मुलगी वडिलांच्या मोटारसायकलवर आली. वडील तावातावानंच लॅबमध्ये शिरले.

"पास झाली नव्हं ती? मंग पुन्यांदा कशाला? लोकं काय म्हनतील गावात?"

"तिची चूक नाही, माझी हाय," मी म्हटलं. वायसरांची गोष्ट सांगितली. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण ते स्टुलावर बसले.

मॅडम येणाऱ्या प्रत्येकीला आधी एकच प्रश्न विचारत होत्या. तिकडं कुणाची छाती दाबायची वेळ आली का? सगळ्या नाही म्हणाल्या होत्या. हिलाही तेच विचारलं.

"आली व्हती," ती म्हणाली. "एक म्हातारबाबा. मी दाबायला लागले तर मोठ्या सिस्टरनं मला बाजूलाच सारलं. म्हनल्या, जोर नाय तुझ्या हातात. मला लई राग आला त्यांचा. म्या म्हनलं, मी तर पास झालेली हाय."

"आणि बाबा?" मी विचारलं.

"वाचले. सिस्टरनं दाबलं ना."

मॅडमनी डोळे मिटले. त्या न पाहिलेल्या सिस्टरच्या पाया पडावंसं वाटलं.

मॅडमच्या सांगण्यावरून मी ती वाजणारी पट्टी पार काढून टाकली होती. छातीशेजारी पोलादी मोजपट्टी उभी बांधली होती, तिच्यावरचा आकडा बघून सांगायचं काम माझं. मॅडमनी मुलीला पायाखाली पाट दिला, कोपरं ताठ करायला लावली, हातांनी नको, कमरेपासून सगळ्या अंगाचा भार टाक म्हणाल्या. पहिल्यांदा चार आलं. मग चार आणि थोडं वर. तिचा श्वास फुलला. वडील स्टुलावरून उठून उभे राहिले होते. पाचव्या-सहाव्या वेळी छाती बरोबर खाली गेली.

"पाच," मी म्हटलं.

ती थांबली. हात तसेच डमीवर ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"मोजून सांगायलात ना, मामा?"

"मोजूनच सांगतोय."

"मागच्या बारीला मोजलं नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हटलं.