पोरीचं पहिलं पिस्तूल

मी पिस्तूल बाळगते हे इथल्या, अमेरिकेतल्या हर्नडन गावच्या मराठी मंडळींना कळलं तेव्हा बरेच दिवस मला कुणी जेवायला बोलावलं नाही. मग गणपती आले, मोदक वळायला हात कमी पडले आणि बोलावणं आलं. मी गेले, मोदक वळले आणि ज्यांनी आडून विचारलं त्यांना सरळ उत्तर दिलं. हो, आहे. हो, चालवता येतं. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल हाताळली होती. इथे नागरिक झाल्यावर पिस्तूल घेतलं, ते नवऱ्याला विचारून नाही, सांगून घेतलं. ज्यांना ते पटत नाही त्यांनी माझ्या घरी चहा पिऊ नये, चहाची पावडर वाचेल.

त्यामुळे मैत्रिणीची पोरगी एके दिवशी थेट माझ्या दारात उभी राहिली, याचं मला नवल वाटलं नाही. तेवीस वर्षांची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहिली नोकरी, तळमजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये एकटी. शेजारणीचं दार कुणीतरी फोडलं होतं आणि तेव्हापासून हिची झोप उडाली होती.

"मावशी, मला पिस्तूल घ्यायचंय. आई म्हणते कुत्रा पाळ."

"फिरवणार कोण त्याला?"

"एक्झॅक्टली."

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी शिकायचं, मग ठेवायची सोय करायची आणि सगळ्यात शेवटी पिस्तूल, असं सांगितलं. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आलाच. माझ्या पोरीला बिघडवू नकोस, म्हणाली. मी म्हटलं, पोरगी स्वतःचं भाडं भरते, स्वतःचा टॅक्स भरते. मी सोबत गेले नाही तर एकटी जाईल आणि दुकानदार गळ्यात मारेल ते घेऊन येईल. त्यावर तिने फोन ठेवला.

दुकानदाराने तेच केलं. माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं आणि काचेखालून तळहातात मावेल एवढं गुलाबी पिस्तूल काढून ठेवलं. लेडीज हेच घेतात, म्हणे. माझं डोकं फिरलं. एवढंसं हलकं पिस्तूल पर्समध्ये छान दिसतं, पण धरायला धड तीन बोटं पुरत नाहीत आणि उडालं की सगळा झटका मनगटात येतो. नव्या माणसाचा नेम त्याने कधी बसत नाही. मी त्याला विचारलं, तू तुझ्या मुलाला यावर शिकवशील का? तो हसला आणि दुसरीकडे बघायला लागला.

दुकानाला लागूनच नेमबाजीच्या सरावाची रेंज होती, तिथे पिस्तुलं भाड्याने मिळतात. पोरीला मी गुलाबीसुद्धा चालवू दिलं, म्हणजे माझ्या सांगण्यावर विसंबायला नको. पहिल्याच गोळीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एक जाड, काळं, दिसायला अगदीच कुरूप पिस्तूल दिलं. ते वजनदार होतं, हातात नीट बसत होतं. चार गोळ्या झाल्यावर तिने बोट बाजूला घेतलं, पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे माझं ऐकतं." तरी त्या दिवशी मी घेऊ दिलं नाही. भीती ताजी असताना किंवा सेल लागलाय म्हणून ही वस्तू घ्यायची नसते. ती वैतागली, मी वैतागू दिलं.

क्लास घेणारी बाई शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका होती आणि वर्गही शाळेसारखाच घ्यायची. पिस्तूल रिकामं आहे असं कधीच धरून चालायचं नाही, कुणाकडे नळी वळवायची नाही, चालवायचं ठरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. पोरगी सगळं पटापट शिकली. शेवटच्या तासाला बाईने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या घरात कोण येतं-जातं? किल्ली कुणाकडे आहे? आणि त्यांतलं कुणी सध्या वाईट दिवसांतून जातंय का? पोरीचा नंबर आला तशी ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली.

गाडीत बसल्यावर बोलली. तिच्या बाबांची नोकरी उन्हाळ्याआधीच गेली होती. आम्हाला सगळ्यांना मैत्रिणीने सांगितलं होतं की ते कन्सल्टिंग करतात. प्रत्यक्षात ते बेसमेंटमध्ये बसून असत. दाढी करत नव्हते, दिवसा झोपत, जेवताना उठून जात. एकदा पानावर बसल्या बसल्या म्हणाले, मी नसलो तर तुमचं जास्त सोपं होईल. आई म्हणाली, काहीतरी बोलू नका, आणि भात वाढला.

"आणि तुझ्या अपार्टमेंटची किल्ली?"

"दोघांकडे आहे. आई संडेला येऊन फ्रिज भरते. माझे सगळे पासवर्डपण बाबांनाच माहीत आहेत, सेट त्यांनीच केलेत ना."

मी गाडी सुरू केली नाही. तिला म्हटलं, ऐक. सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे बाबा बरे होईपर्यंत पिस्तूल घेऊच नकोस. ती म्हणाली, आणि तोवर रोज रात्री दाराला खुर्ची लावून झोपू? यावर आमचं बराच वेळ भांडण झालं. शेवटी मी माझी अट सांगितली. पिस्तुलासाठी छोटी तिजोरी भिंतीत पक्की बसवायची, तिचा आकडा कुणाच्या वाढदिवसाचा नको आणि जगात दुसऱ्या कुणाला माहीत नको. शिवाय आईबाबांकडून घराची किल्ली परत घ्यायची.

"आई मरेल."

"मरत नाही. रडेल."

पोरीने सगळं तसंच केलं आणि मगच ते काळं पिस्तूल घेतलं. मैत्रीण रडलीच. पोटच्या पोरीने किल्ली परत मागितली, हे तिने अर्ध्या हर्नडनला सांगितलं आणि ते शिकवणारी मी, हेही सांगितलं. दुकानात भाजी घेताना बायका माझ्याकडे बघून मेथीच्या जुड्या निवडायला लागत. मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाईट वाटलं, रागही आला. पण त्या घरात एक माणूस रोज थोडा थोडा खचत होता आणि आई फ्रिज भरायला मिळत नाही म्हणून रुसली होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन.

आमच्याकडे सण वाराप्रमाणे येत नाहीत, शनिवारी येतात. दसऱ्याची पूजा दरवर्षी मैत्रिणीकडेच असते आणि मला वगळलं असतं तर सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं. मी गेले. टेबलावर लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, कुणाचं ड्रिल मशीन, एका मुलीचं व्हायोलिन, सगळ्यांवर हळदकुंकू. पोरीचे बाबा बेसमेंटमधून वर आले होते, दाढी करून, इस्त्रीचा कुर्ता घालून. हॉलभर माणसं आणि जिन्यावर पोरं.

आरती व्हायच्या आधी मैत्रीण लेकीला म्हणाली, "तूही आण ना तुझं. आज शस्त्रांचीच पूजा. घेतलंयस तर देवापुढे ठेवू दे." तिला वाटलं असणार, चला, मनं जुळवायची ही बरी संधी आहे. लगेच सगळे सरसावले. कुणी म्हणालं, वीस मिनिटांचाच रस्ता आहे. कुणी फोटोसाठी फोन काढला.

मग तिचे बाबा म्हणाले, "आण गं. मलाही एकदा हातात घेऊन बघू दे."

मी तोंड उघडणार, एवढ्यात पोरगी म्हणाली, "मावशी, मी बोलते." आणि त्यांच्याकडे वळली. "नाही बाबा."

एक काका मोठ्याने हसले. "अगं, बापाला नाही म्हणतेस? तेही दसऱ्याला?"

"हो काका. बाबांनाच."

"लोकांसमोर काय हे?" मैत्रीण म्हणाली.

"लोकांसमोरच, आई. घरात तू ऐकून घेत नाहीस. बाबांचा जॉब गेलाय. कन्सल्टिंग नाहीये. बाबांना बरं नाहीये आणि कुणी त्यांना डॉक्टरकडे नेत नाही. ते बरे होईपर्यंत माझं पिस्तूल या घरात येणार नाही आणि त्यांच्या हातात तर नाहीच. मग तुम्ही सगळे मला काहीही म्हणा."

ती जागची हलली नाही. आईबापाने बस म्हटलं की बसणारी ही मुलगी, आणि मला इतका अभिमान वाटला की माझेच डोळे भरून आले.

तिचे बाबा सोफ्याच्या कडेवर बसले. बराच वेळ कुर्त्याची बाही सरळ करत राहिले. मग म्हणाले, "परवा तू कामावर असताना मी तुझ्या दाराशी येऊन गेलो. किल्ली नव्हती, म्हणून परत आलो."

ते का गेले होते ते सगळ्यांना कळलं. मैत्रिणीच्या हातातलं तबक तिरकं झालं आणि हळदकुंकू गालिच्यावर सांडलं. ती नवऱ्याच्या पायाशी खाली बसली. "डॉक्टर," ती म्हणाली, "कुणाला माहीत आहे का चांगला डॉक्टर?"

मग ते हसलेले काका पुढे आले, खिशातून फोन काढला आणि पोरीच्या बाबांशेजारी सोफ्यावर बसले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी जातो त्यांच्याकडे. दोन वर्षं झाली."