लक्ष्मणकाकांपुढचा रिकामा रकाना

मॉरिशसमधल्या शमें ग्रेनिए गावचा गजेंद्र राजधानी पोर्ट लुईच्या एका सरकारी कचेरीत कारकून होता. आमच्या मराठी नाटकांत मी राजे आणि राक्षस गाजवले. तो विंगेत प्रॉम्प्टर. दुसऱ्यांचे शब्द जपायचे, आपलं काही बोलायचं नाही, हा त्याचा स्वभावच.

१९८६ साली त्याच्या मेहुण्याने लंडनहून कॉम्प्युटर पाठवला, सोबत वंशावळीचा प्रोग्राम. गजेंद्र रविवारी बसने नातेवाइकांकडे जाई, नावं विचारी आणि घरी येऊन भरी. आमच्याकडे बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव होत आलेलं. यंत्राला एकाच घरातली माणसं परकी वाटत. तो बिचारा एकेकाची गाठ मारत बसे.

गणपतीत त्याने सगळी वंशावळ छापून भिंतीवर लावली. जो तो आपलं नाव शोधू लागला. त्यात त्याची वत्सलाकाकीही होती. तिचा नवरा लक्ष्मण पंचाहत्तरच्या वादळात नदीकाठची गाय सोडवायला गेला, तो परतलाच नाही. देहही मिळाला नाही. काकी कुंकू लावत राहिली.

"काकी, हे तुम्ही. हे काका."

"आणि हे की एते सा, हे काय आहे? इथे क्रूस कशाला?"

मेलेल्याच्या नावापुढे प्रोग्राम क्रूस काढी. वादळाची तारीख गजेंद्रनेच मरणाच्या रकान्यात घातली होती.

"आयो, गजा! काकाला किरिस्ताव करून पुरलास होय रे?"

सगळे हसले. ती हसली नाही.

"रकाना रिकामा दिसत होता, काकी, म्हणून..."

"तुझा रकाना भरायचा म्हणून माझं कपाळ रिकामं करतोस?"

गजेंद्रने तिथल्या तिथे मशीन लावून तारीख पुसली. पडद्यावर अक्षरं उमटली: लक्ष्मण, हयात, वय अठ्ठावन्न. गजेंद्रने वाचून दाखवलं. काकी पडद्याला हात न लावता जवळ बसली. "केस पिकले असतील," म्हणाली.

पुढच्या वर्षी बारा वर्षं पूर्ण झाली. बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायची आपली रीत. काकीचे थोरले दीर बलराम म्हणाले, "जीव अडकलाय त्याचा. गजा, तारीख घाल, मग पुतळा करू."

"नाही घालणार, बलरामकाका. मेलेलं पाहिलंय कोणी?"

गजेंद्र असं बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. पुतळा करायचा राहूनच गेला.

मग काकी अधूनमधून येऊ लागली, फक्त वय ऐकायला. "एकोणसाठ? चढण आहे घरापर्यंत. गुडघे दुखत असतील. म्हणून उशीर." गजेंद्रची बायको चंद्रिका मला म्हणाली, "दादा, मशीन लावलं की खोलीत आणखी कोणी तरी आल्यासारखं वाटतं. मी स्वयंपाकघरात निघून जाते."

८९च्या जुलैत काकी गेली. बायकांनी हिरवी साडी नेसवली, सवाष्णीची ओटी भरली. गजेंद्रने तिची तारीख घातली, क्रूस आला. शेजारी लक्ष्मण, हयात, वय एकसष्ट.

मी म्हणालो, "अरे, घाल आता. मी स्टेजवर कितीदा तरी मेलो, काही बिघडलं नाही. कोणाचं मन मोडायचंय आता?"



"दादा, काकी गेली हे काकांना अजून कोणी सांगितलेलं नाही," गजेंद्र म्हणाला, आणि रकाना तसाच ठेवून त्याने मशीन बंद केलं.