दिवसा न चावणारा नळ

लग्न होऊन गोंदियाजवळच्या गोरेगावला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला घर दाखवलं. स्वयंपाकघर, धानाची खोली, मागचं अंगण आणि शेवटी मोरी. मोरीच्या दाराशी रबरी चपलांचे दोन जोड होते. त्यातला एक कोरा होता, माझ्यासाठी आणलेला. "नळाले हात लावाच्या आधी हे घालत जा, बाई," त्या म्हणाल्या. "चावते तो."

मी तेव्हा शाळेत सातवीला विज्ञान शिकवत होते. नव्या सुनेला घरातल्या शंभर गोष्टी सांगतात, त्यातलीच ही एक, असं धरून मी मान डोलावली. पुढची दोन वर्षं मी रोज पहाटे चपला घालून नळ सोडला आणि साडेदहाला वर्गात जाऊन विजेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवले. मुलांना उदाहरण म्हणून रबरी चपलेचंच द्यायचे. याची मला आजही लाज वाटते.

सासरे तांदळाच्या मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घराची सगळी वायरिंग त्यांच्या हातची. त्यामुळे या घरात नळ चावतो असं म्हणणं म्हणजे त्यांच्या नोकरीवरच बोट ठेवणं होतं. "त्या नळाले दात आहेत का?" असं विचारून ते पाहुण्यांना हसवायचे. शिवाय त्यांच्याकडे पुरावा होता. वर्षातून एकदा तरी ते भर दुपारी मोरीत जायचे, अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहायचे, नळ मुठीत धरायचे आणि सासूबाईंना हाक मारायचे. "पाह्य. मले काऊन नाही चावत? बायकाईलेच चावते का?" सासूबाई पाहायच्या आणि चपला घालून भांडी घासायला बसायच्या.

मुलगी अकरा महिन्यांची झाली आणि चालायला लागली. सगळं घर सोडून तिला मोरीच आवडायची. मी आठवडी बाजारात तिच्या मापाच्या रबरी चपला शोधल्या. तीन दुकानं फिरले. एवढ्या लहान मापाच्या मिळत नाहीत. रिकाम्या हातानं परत येताना आपण काय शोधत फिरलो हे एकदम लक्षात आलं.

त्याच आठवड्यात मी नवऱ्याला गोंदियाहून सेफ्टी स्वीच आणायला लावला. दुकानदार त्याला ईएलसीबी म्हणतो. त्याचं काम सोपं असतं. घरात जेवढी वीज गेली तेवढीच तारेनं परत यायला हवी. थोडी जरी वाटेत जमिनीत पळाली, तर खटका पडतो आणि लाईन बंद.

सासऱ्यांनी तो स्वतः बसवला. दिवसभर खटका जागेवर राहिला. संध्याकाळी दिवे लागले आणि पडला. वर केला, पुन्हा पडला. आम्ही मेणबत्तीच्या उजेडात जेवलो. "पीस खराब आहे," सासरे म्हणाले. नवऱ्यानं बदलून दुसरा आणला. तोही दिवसा टिकला आणि संध्याकाळी पडला. "शामले व्होल्टेज कमी राहते, म्हणून घाबरते तो," हे सासऱ्यांचं दुसरं निदान.

तिसऱ्या दिवसापासून खटका पडायचा थांबला. सासरे म्हणाले, "सेट झाला." स्वीचवर तपासणीचं एक छोटं बटण असतं, ते दाबलं की खटका पडायलाच हवा. मी दाबलं. ढिम्म. सासऱ्यांनी तारा त्याच्या बाजूनं वळवून नेल्या होत्या. स्वीच भिंतीवर नुसता शोभेला होता.

त्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढवला. म्हटलं, "बाबा, हा स्वीच चालू करा, नाहीतर मी पोरीला घेऊन माहेरी जाते." सासऱ्यांनी निमूटपणे तारा पुन्हा जोडल्या.

रविवारी सकाळी मी घरातली सगळी बटणं बंद केली आणि खटका वर केला. मग एकेक दिवा लावत गेले. पुढची खोली, टिकला. स्वयंपाकघर, टिकला. धानाची खोली, अंगण, टिकला. मोरीचं बटण दाबलं आणि खटका पडला. खात्री म्हणून पुन्हा केलं. पुन्हा पडला. आतून सासूबाईंनी विचारलं, "मोरीचा लावला का?"

मेन स्वीच बंद करून सासऱ्यांनी मोरीतल्या बल्बचा होल्डर उघडला. एक तार बोर्डाकडे जात होती. दुसरी चुन्याखालून भिंतीनं खाली उतरत होती. ते पेचकसानं चुना खरवडत तिच्या मागं गेले. तार नळाच्या लोखंडी पाइपापाशी पोचली आणि त्याला चार वेढे घालून संपली.

सासऱ्यांनी पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "लग्नाच्या वक्ती केलं होतं." लग्न माझ्या नणंदेचं, नव्व्याण्णव सालातलं. आदल्या दिवशी मोरीची परतीची तार उंदरांनी कुरतडली होती, घर पाहुण्यांनी भरलेलं आणि आंघोळीला उजेड हवा. त्यांनी बल्बची परतीची वीज सरळ पाइपावाटे जमिनीत सोडली. आमच्याकडे शेतावर सळई ठोकून असा अर्थिंगवरचा बल्ब कुणीही लावतो. दोन दिवसांची सोय होती. पाहुणे गेले, चुना लागला, दरवर्षी लागत राहिला.

म्हणजे बल्ब लागला की नळात वीज. सासऱ्यांची आंघोळ आठ वाजता, आणि पुरावा दुपारी. पहाटे आणि दिवेलागणीला, बल्ब लावून त्या मोरीत बसणारी त्या घरात एकच बाई होती. नंतर दोन झालो.

सासऱ्यांनी बोर्डापासून नवी तार ओढली. जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी मोरीचा बल्ब लावला, खटका जागेवर राहिला. त्यांनी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभं राहून दोन्ही हातांनी नळ धरला आणि हाक मारली.

सासूबाई दारात आल्या. मी मुलीला कडेवर घेऊन मागे उभी होते.

"पाह्य," सासरे म्हणाले. "आता नाही चावत."

"चावत होता तेव्हा धराचा होता," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी नळ सोडला आणि ते बाजूला झाले. सासूबाईंनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या, अनवाणी आत गेल्या आणि नळावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "सोड तिले खाली."