घासून दिलेलं पातेलं

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडखळ नाक्यावर कांद्याच्या गोणीचा भाव पाडत होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो हा की, आता हा लिहून देणार नाही. सव्वा महिना झाला. त्या विचाराची लाज वाटते, पण राग उतरलेला नाही.

आम्ही दोघे धरमतर खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्यांची पोरं. मी पेणला एका आचाऱ्याकडे टोप घासता घासता स्वतः लग्नांची जेवणं घेऊ लागलो. तो शिकला आणि रोह्याच्या एका प्रयोगशाळेत लागला. जुलाबाच्या रोग्यांच्या नमुन्यांतून जंतू वाढवायचे, काचपट्टीवर रक्तातून काढलेल्या सीरमच्या थेंबात ते कालवायचे आणि नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या धरतात का ते बघत बसायचं. कोणत्या सीरमने गुठळी धरली त्यावरून जंतूचा प्रकार ठरे. जंतू तो जंतू, त्यात प्रकार कसले, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "हमरापुरात मूर्तींच्या कारखान्यात जा. सगळे गणपतीच. पण कानाची पाळी बघून तिथला माणूस सांगतो, कुणाच्या साच्यातला हाय. आजारी माणसात नि जेवणात एकाच साच्यातला जंतू निघाला, की तो कुठनं आला ते कळतं."

मग रोह्यातलं ते लग्न आलं. जेवण माझं, श्रीखंड तेवढं मुलीकडच्यांनी बाहेरून आणलेलं. दुसऱ्या दिवशी निम्मं वऱ्हाड उलट्या-जुलाबाने आडवं झालं आणि संध्याकाळच्या आत माझं नाव पेणपर्यंत पोचलं. सकाळी वसंता नमुन्यांची पेटी घेऊन माझ्या दारात.

"उरलेलं काय हाय?"

"खड्ड्यात पुरलं. वर चुना टाकला."

"टोप?"

"घासले."

"श्रीखंडाचं पातेलं?"

"ते पण चिंच लावून घासून दिलं." खरकटं भांडं लग्नघरी परत करायचं नाही, ही आमच्या धंद्याची रीत. मी ती अभिमानाने सांगितली.

तो पायरीवर बसला. "शाण्या, तुझा साक्षीदार तूच धुतलास."

तरी त्याने माझ्या सुऱ्या, पाट, माणसांचे हात, सगळं तपासलं. आठवड्याने कळलं की सगळ्या रोग्यांत एकच प्रकार निघालाय आणि माझ्याकडे त्याचा मागमूस नाही. मी म्हटलं, मग लिही की माझ्या जेवणातून गेला नाही.

"तुझ्याकडं सापडला नाय, एवढं लिहीन. तुझ्याकडनं गेला नाय, असं कसं लिहू?"

"बरं, श्रीखंडावर संशय आहे, एवढं तरी लिही."

"भाजी घेतोयस काय घासाघीस करून? पातेल्यातला जंतू दे, आता लिहितो."

"तुला माहीत आहे ना, माझा नव्हता?"

"व्हय, माहीत हाय. पण ते चहा पिताना सांगायचं. कागदावर दिसलेलं लिहायचं."

अहवालात आलं, उगम निश्चित करता आला नाही. रोहेकरांनी त्यातून जे वाचायचं ते वाचलं. चार हंगाम तिकडून मला एक लग्न मिळालं नाही. मी वसंताला वाट्टेल ते बोललो. तो ऐकून घ्यायचा, चहा संपवायचा आणि जायचा... भांडायला तरी हवा होता.

महिन्याभराने मात्र झाकणाचे छोटे डबे घेऊन आला. "वाढायच्या आधी हरेक पदार्थाचा एक डाव यात. तीन दिवस फ्रिजात. मग काय घासायचं ते घास." शिव्या घालत मी ते घेतले, आणि तेव्हापासून एक जेवण चुकवलं नाही. चौथ्या दिवशी डबे घासायच्या आधी त्याला फोन करायचो, "कुणाला काही झालं नाही. आता तरी लिहून दे." तो म्हणायचा, "कोण आजारी पडलं नाय, त्याचं काय लिहू?"

वसंताच्या तेराव्याचं जेवण त्याच्या बायकोने, वैनीने, मलाच सांगितलं. पंगत रोह्यातली, माझ्याकडे पाठ फिरवलेलीच माणसं. वाढण्याआधी मी डाळ, भाजी, खीर डब्यांत काढली. चार दिवस गेले, कुणाला काही झालं नाही.

त्यालाही आता तीन आठवडे होत आले. डबे फ्रिजातच आहेत. सून नाकाला पदर लावून रोज विचारते, "मामा, घासू का हे?" मी म्हणतो, राहू दे.